गरमी, उपदंश आणि फिरंग

मराठीत 'गरमी' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि त्यांतला दुसरा आपण घरात उच्चारत नाही. मोल्सवर्थच्या कोशात तो आडपडदा न ठेवता दिला आहे: आधी उष्णता आणि मग लैंगिक संबंधातून होणारा रोग. 'परमा' हा शब्दही तिथे आहे आणि जांघेत उठणाऱ्या गाठीसाठीचा 'बद' हाही. हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यातले आहेत. आज ते वापरले जात नाहीत, म्हणून ते रोगही गेले असा अनेकांचा समज आहे.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पंचवीसेक वर्षे प्रकाशकांसाठी मुद्रिते तपासण्याचे काम केले आणि एखाद्या शब्दाच्या मागे लागण्याची खोड तिथे जडली. एका आयुर्वेदविषयक पुस्तकाची मुद्रिते वाचत होतो. एका पानावर 'उपदंश (सिफिलिस)' असे होते आणि दहा-बारा पानांनंतर 'फिरंग (सिफिलिस)' असे. एका रोगाला दोन नावे असणे नवलाचे नाही. पण त्याच पुस्तकात दोन्हींची लक्षणे वेगवेगळी दिली होती. एकात ठणका होता, दुसऱ्यात नव्हता. लेखकांना विचारले तेव्हा उत्तर आले, "दोन्ही गरमीच हो, राहू द्या." पुस्तक तसेच छापले गेले. माझ्या डोक्यातून मात्र तो ठणका गेला नाही. पुढची काही वर्षे सवड मिळेल तसा मी त्याच्या मागे राहिलो आणि असे लक्षात आले, की वैद्यकाच्या इतिहासातला साडेतीनशे वर्षांचा एक गोंधळ त्या दोन कंसांत मावलेला होता.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. वाचकाला थोडे किळसवाणे वाटेल, पण हा तपशील टाळला तर पुढचे काहीच उमजणार नाही.

जननेंद्रियावर व्रण उठवणारे जिवाणू तीन-चार आहेत. इथे दोन पुरेत. पहिला ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे सिफिलिसचा जंतू. मळसूत्रासारखा पिळदार आणि इतका बारीक, फिकट, की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. 'पॅलिडम'चा अर्थच फिकट. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी नऊ दिवसांनी तर कधी नव्वद दिवसांनीही, तो शिरला त्या जागी एक व्रण उठतो. बहुधा एकच. कडा नीट, तळ स्वच्छ, बोटांना बटणासारखा टणक लागणारा. तो दुखत नाही. जांघेत अवधाण येते, तेही दुखत नाही. स्त्रीच्या शरीरात हा व्रण आत, गर्भाशयाच्या मुखावर असला, तर तो येऊन गेल्याचे तिला कधी कळतही नाही.

दुसरा जंतू हिमोफिलस दुक्रेयी. याच्या रोगाला डॉक्टर शँक्रॉइड म्हणतात. मराठीत 'मृदू व्रण' म्हणता येईल. आठवडाभरात आधी पुळी येते, ती फुटून व्रण होतो. कडा फाटक्या, तळ राखाडी-पिवळट, हात लावताच रक्त येते. अनेकदा एकाऐवजी तीन-चार व्रण असतात. ठणका असा, की माणसाला चालवत नाही. पुष्कळांच्या जांघेत एका बाजूची गाठ सुजते, पिकते आणि फुटते. हीच ती बद.

आता या दोहोंतला अधिक घातक कोणता? अंगणात उभे राहून कोणालाही विचारले तर तो दुखणाऱ्याकडे बोट दाखवील. वस्तुस्थिती उलट आहे. दुखणारा व्रण आपली जागा सोडत नाही. जांघेपर्यंत जातो आणि थांबतो. मेंदू, हृदय, पोटातले मूल यांच्या वाटेला जात नाही. न दुखणारा मात्र व्रण उठण्याआधीच रक्तात उतरलेला असतो. आणि त्याचा व्रण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. औषध घेतले तरी, न घेतले तरी.

माझ्या मते या रोगाच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. व्रण उठल्यावर माणूस घाबरतो, कोणाकडे तरी जातो. तो वैद्य असो, हकीम असो, देवऋषी असो, रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतीवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' असे रंगवणारा असो. महिन्याभरात व्रण जातो. श्रेय त्या इलाजाला मिळते. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर. तोंडात चट्टे, घशात खवखव, थोडा ताप, कोणाचे केस विरळ होतात. कोणालाही याचा संबंध दोन महिन्यांपूर्वीच्या व्रणाशी जोडावासा वाटत नाही. हेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे शांतता.

त्या शांततेनंतर काय होते, हे नॉर्वेतल्या एका डॉक्टरांमुळे आपल्याला माहीत आहे. ओस्लोत सेझार बोक यांनी १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार सिफिलिस रुग्णांना पाऱ्याची औषधे दिली नाहीत. पारा अपायच करतो असे त्यांचे मत होते. त्या काळी दुसरे गुणकारी औषध नव्हतेच. नंतरच्या डॉक्टरांनी त्या रुग्णांचा दशकानुदशके मागोवा घेतला. साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांना उतारवयात या रोगाने गाठले: कोणाची हाडे, कोणाची महारोहिणी, कोणाचा मेंदू. उरलेल्यांना फारसे काही झाले नाही. म्हणजे भिंतीवरच्या इलाजवाल्याला दर तीन रुग्णांमागे निदान दोन समाधानी रुग्ण काहीही न करता मिळत होते. असा धंदा बुडणार कसा?

आता शब्दांकडे येतो. 'उपदंश' हा शब्द जुना, सुश्रुतसंहितेतला. (संस्कृतात याच शब्दाचा दुसरा अर्थ मद्यासोबत तोंडी लावायचा पदार्थ, म्हणजे आपला चकणा. कोशकारांनी दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी ठेवले आहेत, याला मी तरी काय करणार?) सुश्रुताने उपदंशाचे पाच प्रकार मानले: तीन दोषांचे तीन, तिन्ही मिळून एक आणि रक्ताचा एक. कारणांत संभोगातली अस्वच्छता आहे, नखा-दातांच्या जखमा आहेत. लक्षणांत सूज, फोड, चिरा, दाह आणि वेदना आहेत. वर्षांनंतर नाक बसणे किंवा हाडे झिजणे यांतले काही नाही. हे वर्णन एकाच रोगाचे आहे असे मी म्हणणार नाही. त्यात अनेक व्रण एकत्र आले असावेत. पण ते दुखणारे आहेत आणि जागच्या जागी आहेत.

मग सोळाव्या शतकात भावमिश्र येतो. त्याच्या 'भावप्रकाशा'त 'फिरंग' हा रोग प्रथमच स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि तो उपदंशाहून निराळा ठेवला आहे. फिरंग नावाच्या देशात हा रोग फार आढळतो म्हणून त्याचे हे नाव, आणि तो फिरंगी स्त्री-पुरुषांच्या अंगसंगाने होतो, असे तो सांगतो. याचे तीन प्रकार: बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा. बाहेरच्या प्रकाराला तो 'अल्परुक्' म्हणतो. रुक् म्हणजे वेदना. तेव्हा अल्परुक् म्हणजे फारसा न दुखणारा. आतला प्रकार सांध्यांत जातो, आमवातासारख्या वेदना देतो आणि बरा व्हायला कठीण. उपद्रवांच्या यादीत शरीर कृश होणे, नाक बसणे, हाडे झिजणे आणि वाकडी होणे आहे. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. केवळ रुग्ण पाहून त्याने हे लिहिले. 'अल्परुक्' या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. जे माझ्या लेखकमहाशयांनी 'राहू द्या' म्हटले, ते भावमिश्राने चारशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवले होते.

बाहेरचा प्रकार त्याने सहज बरा होणारा मानला, हेही नोंदवायला हवे. तो सहज बरा का होत असे, हे आपल्याला आता कळते.

भावमिश्राचा मुख्य इलाज रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे एक संयुग. रसकापराने तोंड येते, लाळ सुटते, दात हलतात. म्हणून त्याने दिलेली रीत अशी: गव्हाच्या कणकेच्या गोळीत रसकापूर भरावा, वरून लवंगेची पूड लावावी, आणि दाताला लागू न देता गोळी पाण्याबरोबर गिळावी. मग विडा खावा. भाजी, आंबट, खारट वर्ज्य. ऊन, श्रम, प्रवास आणि विशेषेकरून स्त्रीसंग वर्ज्य. यातला शेवटचा नियम तेवढा आजचा डॉक्टरही सांगतो. दुसरे औषध चोपचिनी. नावातच तिचा मार्ग आहे: फारसीतले चोब-ए-चिनी, म्हणजे चिनी लाकूड. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात ती आजही मिळते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही जात असे, त्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या मुळीवर एक आख्खा संवाद आहे. १५३५च्या सुमारास ती तिथे ठाऊक झाली, असे तो लिहितो. म्हणजे रोग पश्चिमेकडून आला आणि औषध पूर्वेकडून, आणि दोन्ही जहाजांनी.

गोव्यातले पोर्तुगीज त्याला काय म्हणत? 'कॅस्टीलची खरूज'. म्हणजे आमची नव्हे, शेजारच्या स्पॅनिशांची. १४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्समध्ये शिरला तेव्हा युरोपात याची पहिली मोठी साथ उसळली. इटालियन, जर्मन आणि इंग्रज त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंच नेपल्सचा म्हणू लागले, रशियन पोलंडचा. चीनमध्ये तो कॅन्टनचा, जपानमध्ये चीनचा. इराणात 'आबला-ए-फिरंग', म्हणजे फिरंग्यांचे फोड. तुर्की भाषेत सिफिलिसला आजही 'फ्रेंगी' म्हणतात. आपल्याकडे फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवारही. दोन्ही अर्थ एकाच बंदरात उतरले. 'सिफिलिस' हे नाव त्या मानाने निरुपद्रवी: १५३० साली फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने या रोगावर लॅटिन काव्य लिहिले, त्यातल्या एका मेंढपाळाचे ते नाव. रोग कोलंबसाच्या खलाशांनी अमेरिकेतून आणला का, हा वाद फार जुना आहे. अमेरिका खंडातल्या प्राचीन सांगाड्यांतून मिळालेल्या जनुकांवरचे संशोधन २०२४च्या अखेरीस आले. त्यावरून पारडे अमेरिकेकडे झुकले आहे. मला या वादात फार रस नाही. रोग कोणाचा, यावर माणसांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी तो कसा ओळखावा यावर केली असती, तर बरे झाले असते.

'गरमी' हे नाव कुठून आले? फारसी-उर्दूत या रोगाला 'आतशक' म्हणत, म्हणजे आग. त्याच कल्पनेचे हे आपले भावंड असावे. वरवर पाहता हे नाव कोणावर आरोप करत नाही, म्हणून मला ते आधी बरे वाटले होते. पण त्याचा परिणाम अधिक वाईट. आपल्याकडे तोंड आले, लघवीला आग झाली, तळपायांची जळजळ झाली, अंगावर पुरळ आले, की 'उष्णता झाली' असे म्हणतात. उष्णतेला उपाय थंडाईचा: सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातले तोंडातले चट्टे आणि तळपायांवरचे पुरळ या चौकटीत बिनबोभाट बसतात. गुलकंद खाल्ला, पुरळ गेले, उष्णता उतरली. नावाने रोगाचे कारण बाहेरच्या संसर्गाऐवजी प्रकृतीत नेऊन ठेवले, आणि मग जोडीदाराला सांगण्याचे कारणच उरले नाही. माझी उष्णता, तिला कशाला सांगू?

इंग्रजी अमलात पाश्चात्त्य वैद्यक आले तेव्हा ते स्वतःच गोंधळलेले होते. १७६७ साली जॉन हंटर या नामवंत शल्यवैद्याने परम्याचा पू टोचून प्रयोग केला. स्वतःवर की दुसऱ्या कोणावर, यावर अजून वाद आहे. ज्या रुग्णाचा पू घेतला, त्याला बहुधा दोन्ही रोग होते. टोचलेल्या जागी सिफिलिसही उमटला आणि हंटरने निष्कर्ष काढला, की परमा आणि सिफिलिस एकच. त्याचा अधिकार इतका, की हे मत अर्धे शतक टिकले. १८३८ मध्ये पॅरिसच्या रिकोर्डने ते खोडून परमा वेगळा काढला. व्रण मात्र एकच राहिला. १८५२ साली त्याचाच शिष्य बासरो याने रुग्णांना संसर्ग कोणाकडून झाला, याचा माग काढला. मृदू व्रणवाल्याच्या जोडीदारालाही मृदू व्रणच आणि कठीण व्रणवाल्याच्या जोडीदाराला कठीणच, असे त्याला दिसले. इतकी साधी युक्ती. पण त्यासाठी रुग्णाच्या जोडीदाराला भेटावे लागते. एकाच माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतात, आधी मृदू आणि मग त्याच जागी कठीण, हे थोड्याच वर्षांनी लियाँच्या डॉक्टरांनी दाखवले.

पुढे १८८९ मध्ये नेपल्सच्या ऑगुस्तो दुक्रेने मृदू व्रणाचा जंतू पकडला, तोही कोणतेही कृत्रिम माध्यम न वापरता. रुग्णाच्या व्रणातला पू त्याने त्याच रुग्णाच्या दंडाखालच्या कातडीत टोचला. तिथे व्रण उठला, की त्यातला पू शेजारी टोचला. पाच-सहा वेळा असे केल्यावर बाकीचे सगळे जंतू गळून गेले आणि एकच उरला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना बर्लिनमध्ये सिफिलिसचा जंतू दिसला. त्याच वर्षी मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनी तिसऱ्याच एका व्रणातले जंतू पाहिले. तो व्रणही न दुखणारा, पण तो विषय वेगळा. वासरमानची रक्तपरीक्षा १९०६ सालची. म्हणजे न दुखणारा, भरून गेलेला, डोळ्यांना न दिसणारा रोग रक्तात शोधता येऊ लागला तो तेव्हापासून.

हे साल लक्षात ठेवून मुंबईकडे पाहावे. हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा १८६८ साली आला, मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी करायची, ठरावीक दिवशी तपासणी करायची, व्रण दिसला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचे. सैनिकांच्या तशा तपासणीचा प्रश्न नव्हता. अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे दुसरी गोष्ट दिसते. तेव्हा रक्ताची परीक्षा नव्हती. डॉक्टर डोळ्यांनी पाहत. डोळ्यांना दिसणारा तो दुखणारा, रक्ताळलेला व्रण. जिचा कठीण व्रण आत होता किंवा भरून गेला होता, ती 'निरोगी' ठरून बाहेर पडणार, आणि शँक्रॉइडवाली आत राहणार, हे अटळच होते. वीस वर्षे पोलिसी बळाने चाललेली ही व्यवस्था चुकीचा व्रण शोधत होती.

संदिग्ध नाव किती दूर नेऊ शकते, याचे सर्वांत वाईट उदाहरण आपल्याकडचे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांचे निरीक्षण केले. पेनिसिलिन १९४३ पासून माहीत होते. त्यांना ते मिळू दिले नाही. त्या माणसांना काय सांगितले होते? तुमचे 'रक्त खराब' आहे. त्या भागात हा शब्द अशक्तपणापासून कशासाठीही वापरत. आपल्या 'रक्त बिघडले'सारखाच. रोगाचे नेमके नाव त्यांना सांगितले असते, तर ते दुसऱ्या दवाखान्यात गेले असते.

मराठीत नेमके नाव घेऊन लिहिणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत निघत होते. वाचक पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या भाषेत उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालचा खटला अशाच प्रश्नोत्तरांवरून होता. त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शेवटी दंड झाला. माझा अंदाज असा, की त्या पत्रलेखकांतल्या अनेकांना हे प्रश्न विचारायला दुसरी कोणतीही जागा नव्हती.

त्या दोन व्रणांचे आज काय? दुखणारा जवळपास नाहीसा झाला आहे. त्याचे कारण त्याच्या दुखण्यातच आहे. ठणकणारा माणूस संग टाळतो आणि डॉक्टरकडे धावतो. म्हणून हा जंतू एका माणसात फार काळ राहू शकत नाही. थोड्या लोकांचा फार लोकांशी संबंध येतो अशाच जागी तो तग धरतो: वेश्यावस्ती, सैन्याची छावणी, घरापासून दूर राहणाऱ्या मजुरांचे तळ. एड्सच्या काळात नेमक्या याच जागी निरोध आणि उपचार पोहोचले. थायलंडने १९९१ पासून वेश्यागृहांत निरोध सक्तीचा केला आणि तिथले शँक्रॉइड कोसळले. आपल्याकडेही ते आता फार क्वचित दिसते. अशा व्रणांमध्ये आज पहिला क्रमांक हर्पीस या विषाणूचा आहे, आणि त्यानंतर आपला जुना सिफिलिस.

सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक आजारांची औषधे रंगांच्या पाकिटांत असतात. हर्पीस नसलेल्या व्रणासाठी तिसऱ्या क्रमांकाचे पांढरे पाकीट. त्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन असते आणि ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. पेनिसिलिन सिफिलिससाठी, गोळ्या शँक्रॉइडसाठी. नुसते पाहून दोन्हींत फरक करताना तज्ज्ञही चुकतात, म्हणून दोन्ही एकदम द्यायची. वाचकांनीही दुखते की नाही यावरून घरी काही ठरवू नये. मी वर दिलेली लक्षणे इतिहास कळण्यापुरती आहेत. (पेनिसिलिनची ॲलर्जी असेल त्यांच्यासाठी निळे पाकीट आहे.)

दुक्रेच्या जंतूबद्दल एक अलीकडची गोष्ट सांगायलाच हवी. पापुआ न्यू गिनीतल्या लिहीर बेटावर मुलांच्या पायांना होणाऱ्या व्रणांची दहा-बारा वर्षांपूर्वी तपासणी झाली. तो 'यॉज' असेल अशी अपेक्षा होती. यॉज म्हणजे सिफिलिसच्या जंतूच्या सख्ख्या भावाचा रोग. तो लैंगिक नाही, मुलांच्या अंगाला अंग लागून पसरतो. आपल्या आदिवासी भागांतही तो होता. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. लिहीरमध्ये यॉज सापडला, पण निम्म्याहून अधिक व्रणांत हिमोफिलस दुक्रेयी निघाला. शाळकरी पोरांच्या नडग्यांवर! ज्या जंतूसाठी बायकांना लॉक हॉस्पिटलमध्ये डांबले, तो बेटावरच्या पोरांत खेळता-खेळता पसरत होता.

न दुखणारा मात्र परत वाढतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ८० लाख प्रौढांना तो नव्याने झाला. अमेरिकेसारख्या देशात त्याच वर्षी ३,७०० हून अधिक बाळे जन्मजात सिफिलिस घेऊन आली. गर्भवतीला हा रोग असला आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक वेळा बाळावर संकट येते: गर्भपात, मृत जन्म, किंवा रोगासह जन्म. उपाय? बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन. रोग नुकता झालेला असेल तर एकच पुरते, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. ऐंशी वर्षांत हा जंतू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही, ही त्याची एकमेव सभ्यता. मध्यंतरी अनेक देशांत या औषधाचा तुटवडा पडला, कारण ते इतके स्वस्त आहे, की ते बनवण्यात कंपन्यांना गोडी नाही.

माझ्या ओळखीच्या एक परिचारिकाबाई तालुक्याच्या गावी गर्भवती स्त्रियांच्या तपासणीचे काम अनेक वर्षे करतात. पहिल्या भेटीत रक्त घेतले जाते, त्यात 'व्हीडीआरएल' किंवा तशीच दुसरी परीक्षा असते. हे आद्याक्षरी नाव अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत ती तयार झाली, तिचे; त्याचा अर्थ विचारायला कोणी जात नाही. बाई म्हणाल्या, "तेच बरं आहे. मी गरमी म्हटलं तर ती बाई उठून निघून जाईल. घरी समजलं तर तिलाच विचारतील, कुठून आणलीस." हजारातून क्वचित एखादीचा अहवाल दोषी येतो. तिला कधी काही झालेले आठवत नसते. व्रण नाही, ठणका नाही. इंजेक्शन ती घेते. बाळासाठी म्हटले, की बाया काहीही घेतात.

अडते ते नवऱ्यापाशी. त्याने इंजेक्शन घेतले नाही, तर ती पुन्हा आजारी पडणार. बाई त्याला निरोप धाडतात तो रक्तगटाचा: बाळाच्या बापाचेही रक्त बघायचे आहे, सकाळी या. काही येतात. काही जण फोनवर सांगतात, मला काही झालेले नाही, चार वर्षांपूर्वी थोडी उष्णता झाली होती, तेव्हा औषध घेतले होते, बरी झाली.